पाणीचोर पद्मीबाय

डायलिसिसच्या हॉलमध्ये एखादी कॉट रिकामी दिसली तर कुणी काही विचारत नाही. हा नियम कुणी लिहून लावलेला नाही, पण नवा पेशंटसुद्धा थोड्याच दिवसांत तो शिकतो. ओळखीचा माणूस आज आला नाही. लग्नाला गेला असेल, लेकीकडे गेला असेल, असं आपण मनाशी म्हणतो आणि हात पुढे करतो. सुई टोचली जाते, मशीन सुरू होतं. पुढच्या खेपेला त्या कॉटवर दुसराच कुणीतरी गळ्यापर्यंत चादर ओढून पडलेला असतो. सुरुवातीला मला अशा प्रत्येकाचं वाईट वाटायचं. मग कमी वाटायला लागलं. आता बहुतेक वाटतच नाही. बायको म्हणते, तुम्ही दगड झालात. मी म्हणतो, झालो असेन. पद्मीबायच्या वेळी मला काही वेगळं वाटलं असा दावा मी करणार नाही. पण या हॉलमधल्या माणसांत मला आठवते ती तीच, आणि बहुतेक वेळा तहान लागली की आठवते.

आमचं सेंटर खोपोलीला शिळफाट्यावर, हायवेला लागून, एका औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर. लिफ्ट नाही. किडनी गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी जिना चढून जायचं सेंटर कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे. खाली वडापावची गाडी, तिचा वास सकाळपासून वर येतो आणि आम्हाला त्यातलं काहीच चालत नाही. मी कर्जतहून यायचो. उभा जन्म एसटीत कंट्रोलर म्हणून गेला, आणि निवृत्त झाल्यावर साखरेने मूत्रपिंडं खाल्ली. माझ्या शेजारची कॉट पद्मीबायची. ती खालापूरच्या बाजूच्या एका गावातली, आगऱ्यांची, सत्तरी कधीच ओलांडलेली. अंगाने ठेंगणी, कपाळावर गोंदलेलं, लुगडं पोटऱ्यांच्या वर आणि आवाज हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा.

पहिल्याच दिवशी तिने माझी चौकशी केली.

"तू काय करत व्हतास रं?"

"एसटीत कंट्रोलर होतो."

"म्हंजी खिडकीत बसून गाड्या वरडून सांगायचास? मंग आपून एकाच धंद्यातली."

तिचा धंदा म्हणजे ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई म्हणजे धवलारीण. हळद असो, मांडव असो, नवरदेव दारात येणं असो, प्रत्येक विधीला त्याचा त्याचा धवला असतो, आणि तो म्हटल्याशिवाय विधी झाला असं जुनी माणसं मानत नाहीत. पूर्वी म्हणे भटजीचं कामही हीच बाई करायची. आता भटजी येतो, डीजे येतो, फोटोवाला येतो आणि सगळ्यांना हात वर करून थांबवतो. त्या गर्दीत जागा करून या बायका बसतात. पद्मीबायचा तिथला रुबाब काही औरच असावा, कारण ती मला सांगायची, "फोटोवाल्याला मी सांगतंय, माजं व्हईपरतं तू गप ऱ्हा. द्येव आदी ऐकतील, मंग तुजा कॅमेरा बगंल." ऐकतो का, असं मी विचारलं. "ऐकतो तर काय. त्याच्या आयशीचं लगीन मीच लावलंय."

मशीनवर असतानाही ती तोंडातल्या तोंडात गुणगुणायची आणि मोकळ्या हाताची बोटं चादरीवर वाजवायची. आमची टेक्निशियन दीपाली, बाई मोठी कडक, पण हाताला हलकी. सुई टोचताना कळायचं नाही आणि बोलताना मात्र टोचायचं. ती म्हणायची, "आजी, सुईचा हात हलवू नका, नस फुटेल." त्यावर पद्मीबाय म्हणायची, "ह्यो तो हात न्हाय गं, ह्यो गान्याचा हाय."

पण सेंटरमध्ये ती प्रसिद्ध होती ती गाण्यासाठी नाही. ती प्रसिद्ध होती चोरीसाठी.

डायलिसिसच्या माणसाचं आणि पाण्याचं काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. मूत्रपिंडं बंद पडली की प्यालेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नसते. ते अंगात साठतं, पाय सुजतात, मग ते छातीत उतरतं आणि दम लागतो. पुढच्या खेपेला मशीन ते ओढून काढतं. म्हणून प्रत्येकाला दिवसाचं पाणी ठरवून दिलेलं. ज्याला थोडीफार लघवी होते त्याला थोडं जास्त, ज्याची पार बंद झाली त्याला अगदीच घसा ओला होण्यापुरतं. माझी बंद झाली होती. पद्मीबायची चालू होती, आणि ही गोष्ट ती आल्याबरोबर सगळ्या हॉलला ऐकवायची. "कंट्रोलर, माजं अजून चालू हाय बरं का!" असं म्हणून ती दोन बोटांत किती ते दाखवायची. बायका तोंडाला पदर लावायच्या. मला तिचा हेवा वाटायचा. माणसाला कशाकशाचा हेवा वाटू शकतो बघा.

तेवढ्या जास्तीच्या पाण्यावर तिचं भागायचं नाही. ती चोरायची. चूळ भरताना निम्मी गिळायची. ऊन लागतंय म्हणून पदर भिजवून डोक्यावर घ्यायची आणि मग त्याचं टोक चोखत बसायची. तिची सून वनिता खोपोलीला एका कंपनीत पॅकिंगला जायची. ती बिचारी निघताना माठ माळ्यावर चढवायची, फ्रिजला कुलूप घालायची, नळाला दिवसा पाणी नसायचंच. मग पद्मीबाय विरजण मागायला म्हणून शेजारी जायची आणि तांब्याभर पाणी पिऊन, विरजण न घेताच परत यायची. लग्नाच्या घरात तर तिला कलिंगडाच्या ताटापासून हलवायला माणूस लागायचा. हे सगळं ती मला कॉटवरून कॉटवर सांगायची, एखाद्या वाद्याच्या खुब्या सांगाव्यात तसं. "तू बी शीक रं. बर्फ चोरू नको, दातांत कळ येतं. काकडी बरी. काकडीला कोन पानी म्हनत नाय."

वजनकाटा मात्र सगळं सांगायचा. मशीनवर घेण्याआधी वजन होतं आणि मागच्या खेपेपेक्षा जितकं वाढलं तितकं पाणी. पद्मीबाय काट्यावर चढली की दोन बोटं अलगद भिंतीला टेकवायची.

"आजी, हात काढा."

"हात कुठं? जरा कललंय मी."

हात निघाला की काटा उडी मारायचा आणि दीपाली कपाळाला हात लावायची. पाणीचोर हे नाव तिनेच ठेवलेलं. पद्मीबायला त्याचा राग नव्हता, उलट नवीन पेशंटला ती स्वतःची तीच ओळख करून द्यायची.

एकदा मी तिला लग्नात ऐकलं. माझ्याबरोबर नोकरीला असलेल्या एका ड्रायव्हरच्या मुलीचं लग्न होतं, पद्मीबायच्याच गावात. मांडवाच्या कोपऱ्यात चटईवर दोघी म्हाताऱ्या मांडीला मांडी लावून बसलेल्या. दुसरी गंगूबाय, पद्मीबायची जोडीदारीण. उंच, वाळलेली, बोलायला अगदी कमी. धवला एकटीने होत नाही. एकीने ओळ उचलायची, दुसरीने ती पुढे न्यायची, आणि मध्ये खंड पडू द्यायचा नाही. धवला मध्येच तुटला तर ते लग्नाला चांगलं नाही, असं त्या मानतात. पद्मीबाय ओळ उचलायची, थोडं म्हणायची, की गंगूबाय ती घ्यायची. डीजेवाला हाताची घडी घालून उभा होता. मला त्यातले शब्द फारसे कळले नाहीत, पण अंगावर काटा आला. मशीनला लटकलेली म्हातारी ती हीच, हे मला तासभर खरं वाटेना. पद्मीबायचा भाग लहान आणि गंगूबायचा मोठा, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, रीतच तशी असेल.

त्या पावसाळ्यानंतर तिला दम लागायला लागला. जिन्याच्या वळणावर एक खिडकी आहे. तिथे थांबून ती खालच्या वडापाववाल्याला ओरडून काहीतरी विचारायची, बायको माहेरून आली का, तेल कधी बदललंस, काहीही. पूर्वी हे वर जाताना एकदाच व्हायचं. पुढे ती खालच्या पायरीवरही त्याच्याशी बोलायला लागली आणि वरच्या पायरीवरही. मी मागून चढायचो, म्हणून मला दिसायचं की बोलण्यापेक्षा ती कठड्याला धरून उभीच जास्त असते.

डायलिसिसच्या माणसाला दम लागला की सगळे एकच म्हणतात, पाणी जास्त झालं. ते बहुतेक वेळा खरंही असतं. दीपालीने वजन केलं, तर वजन काही फार वाढलेलं नव्हतं. पण पद्मीबाय त्या दिवसांत वाळली होती. अंगातलं मांस गेलं आणि त्या जागी पाणी आलं, तर काट्याला ते कळत नाही. म्हणून ठरलं की आत पाणी दडलंय आणि ते जास्त ओढायला हवं. हेही चुकीचं नव्हतं, असं होतं खरं. त्यातून पेशंट पाणीचोर म्हणून नावाजलेली.

"आजी, खरं सांगा, किती प्यालात?"

"नाय गं बाय. येक घोट जास्त नाय."

"मागच्या वेळीही असंच म्हणालात आणि मग काकडीचं निघालं."

"आता काकडी बी नाय. द्येवाशपथ."

दीपाली हसली. हॉलमधले दोघे-तिघे हसले. मीही हसलो असेन.

मग मशीनवर तिचं बीपी पडायला लागलं. पाणी जोरात ओढलं जात होतं. मध्येच तिला एकामागून एक जांभया यायच्या, ओठ पांढरे पडायचे, पोटऱ्यांत गोळे यायचे. दीपाली धावत येऊन पाय उंच करायची, ओढणं बंद करायची आणि नळीतून सलाइन सोडायची. शुद्धीवर आली की पद्मीबाय विचारायची, "काडलेलं परत घालतंस, मंग काडलंस कशाला?"  दमही कमी होत नव्हता. घरी वनिताने पहारा वाढवला. रजेच्या दिवशी ती सासूला न्हाणीघरातही एकटीला सोडायची नाही. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवलं, मागायला आली तर देऊ नका. पद्मीबायचा मुलगा महेश, रिक्षा चालवायचा, तो शांत माणूस. तोही एकदा हॉलमध्ये सगळ्यांसमोर आईवर ओरडला, "मरायचंय का तुला पानी पिऊन?"

तिने थोडे दिवस भांडून पाहिलं. नातवंडांच्या शपथा घेतल्या. मग एके दिवशी दीपालीने नेहमीसारखं विचारलं, किती प्यालात, तर ती छताकडे बघत म्हणाली, "प्यायले आसन."

"कधी?"

"माहीत नाय. प्यायले आसन."

त्यानंतर ती हेच सांगायची. बोटांनी चादरीवर वाजवणं थांबलं. वजनकाट्यावरही सरळ उभी राहायची. मला ते बघून राग यायचा, पण कुणाचा ते ठरत नव्हतं. न केलेली चोरी कबूल करणारी ती बाई मला आधीच्या चोरापेक्षा बघवत नव्हती.

पनवेलहून डॉक्टर मॅडम ठरलेल्या दिवशी यायच्या. सावकाश बोलायच्या, पेशंटच्या कॉटवर बसायच्या. त्यांना नुसत्या पाण्याची गोष्ट पटत नव्हती. त्यांनी पद्मीबायला विचारलं, "आजी, छातीत दुखतं? भरून आल्यासारखं होतं? डाव्या हाताला कळ?"

"नाय."

"तुम्ही गाता ना? गाताना दम पुरतो?"

"पुरतो तर. माजा धवला अजून तुटला नाय कदी."

डॉक्टर मॅडमनी तसं कागदावर लिहिलं आणि त्या पुढच्या कॉटकडे गेल्या. प्रश्न बरोबर होता आणि उत्तरही खरं होतं.

त्याच्या पुढच्या भेटीला महेशला भाडं होतं, वनिताला सुट्टी मिळाली नाही, म्हणून पद्मीबायबरोबर गंगूबाय आली. कॉटच्या पायथ्याशी खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली. डॉक्टर मॅडमनी पुन्हा तेच विचारलं. पद्मीबायने पुन्हा तेच सांगितलं, धवला तुटला नाय. गंगूबायने पिशवी खाली ठेवली.

"तुटला कसा न्हाय गं पदमे? मी हाय म्हनून तुटला न्हाय."

"गप ऱ्हा तू."

"का गप ऱ्हाऊ? डॉक्टरीनबाय, हिची वळ मी म्हनतंय. आदी मी शेवटचा तुकडा घ्यायची, आता अर्दीच्या वर घेतंय. दम सुटला की ही माजी मांडी दाबतं. दाबली की मी उचलतंय. मांडवात कुनाला कळत नाय. आमाला तसंच शिकवलंय, जोडीदारनीचा दम पडला तर तो आपून झाकायचा."

"केव्हापासून असं?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"आंबं पिकल्यापास्नं."

पद्मीबायने तोंड भिंतीकडे वळवलं. तिला गंगूबायचा राग आला होता, आणि तो मला समजला. दम पडल्याचं बाहेर सांगणं म्हणजे त्या दोघींच्या धंद्यातली लाज उघडी करणं होतं. इतके महिने ती स्वतःशीसुद्धा ते बोलली नसावी. गंगूबायची मांडी दाबायची आणि ओळ पुरी झाली म्हणायचं.

डॉक्टर मॅडमनी तिथेच छातीची ईसीजीची पट्टी काढली, रक्त घेतलं आणि काही तासांनी पुन्हा घेतलं. आमच्या दोन कॉटमध्ये फक्त एक पडदा असतो, त्यामुळे पाळी सुटायच्या आधी येऊन पोचलेल्या महेशला त्यांनी जे सांगितलं ते मीही ऐकलं. म्हातारं माणूस, त्यात डायलिसिसवर, अशांचं हृदय आजारी पडतं तेव्हा छातीत दुखेलच असं नसतं. नुसता दम लागतो, थकवा येतो, मशीनवर बीपी पडतं, आणि हे सगळं पाण्याच्या नावावर खपून जातं. रक्ताची तपासणीही अशा पेशंटची आधीपासून थोडी बिघडलेलीच असते, म्हणून ती दोनदा करून आकडा चढतोय का ते बघावं लागतं. तिचा चढत होता. दोन दिवसांनी खोपोलीतच इको झाला, त्यात हृदयाची एक बाजू नीट हलत नाही असं दिसलं. आता पनवेलला जाऊन अँजिओग्राफी करावी, नळी घालून रक्तवाहिन्या बघाव्यात, असं डॉक्टर मॅडमचं मत पडलं.

त्यात एक अडचण होती. त्या तपासणीला नसेत रंगाचं औषध सोडतात आणि ते मूत्रपिंडांना वाईट. पद्मीबायची मूत्रपिंडं तशी गेलेलीच होती, पण उरलीसुरली जी काही लघवी होत होती ती बंद पडू शकली असती. डॉक्टर मॅडमनी हे तिला स्वतःला सांगितलं, लपवलं नाही.

"मंग माजं पानी?"

"ते कमी करावं लागेल, आजी."

"कंट्रोलरवानी?"

"हो, तेवढंच."

पद्मीबायने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होतो, ती सवयच असते.  पुढच्या खेपेला आली तेव्हा म्हणाली, "करा तपासनी."

"विचार केलात ना?" दीपालीने विचारलं.

"केला. आत काय ते दिसू दे. मी पिले नव्हते त्ये तरी कळंल समद्यांना."

 दीपालीने सुई टोचली, पट्टी लावली आणि ती पट्टी उगाच पुन्हा दाबून बसवली.

पनवेलला तपासणी झाली. मशीनची सुई जिथे टोचतात त्या हाताला धक्का नको म्हणून जांघेतून नळी घातली. हृदयाच्या तिन्ही मोठ्या नसा चुना धरल्यासारख्या कडक आणि जागोजागी अरुंद झालेल्या निघाल्या. तिथल्या डॉक्टरांनी मार्ग सांगितले. छाती उघडून बायपास करता येईल, पण या वयात, डायलिसिसवर, टेबलावरून उठेलच याची खात्री नाही. फुगा घालून स्टेंट बसवता येईल, पण चुना फार, तेही जोखमीचं. किंवा गोळ्यांवर ठेवायचं, मशीनवर जास्त वेळ घेऊन पाणी सावकाश काढायचं आणि दुखणं वाढलं तर मग फुग्याचं बघायचं. अशा पेशंटला कापाकापीने आयुष्य वाढेलच असं आपण छातीठोक सांगू शकत नाही, असंही ते म्हणाले. महेशला बायपास हवी होती. त्याला काहीतरी मोठं करायचं होतं, ओरडल्याचं त्याच्या मनातून जात नसावं.

पद्मीबायने एवढंच विचारलं, "छाती उगाडली तर किती म्हयने गायचं नाय?"

"बरेच महिने. पुढे जमेल की नाही तेही सांगता येत नाही."

"मंग नको. गंगूला दुसरी कोन न्हाय."

गोळ्या सुरू झाल्या. मशीनवरचा वेळ वाढला, ओढणं हळू झालं, आणि खरंच तिचं बीपी पूर्वीसारखं पडेना. जिनाही ती बऱ्यापैकी चढायला लागली. निकाल आला त्या दिवशी वनिता कामावरून तशीच सेंटरला आली होती. कॉटशी उभी राहून रडायला लागली, फ्रिजच्या कुलपाची किल्ली तिच्या हातात होती. पद्मीबायने तिला जवळ ओढलं आणि म्हणाली, "रडतंस कशाला? चोर तर मी व्हतेच."

हॉलमध्ये थोडे जण हसले. बहुतेकांनी डोळे मिटून घेतले.

लघवी बंद पडली ती थोड्याच दिवसांत. ते तिने कुणाला ओरडून सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा हात हलवून "गेली" म्हणाली, आणि आम्ही दोघं मशीनच्या पडद्याकडे बघत राहिलो. त्या हंगामात तिने काही लग्नं लावली. खाली बसता येत नव्हतं म्हणून खुर्चीवर बसायची आणि गंगूबाय शेजारी दुसऱ्या खुर्चीवर. आता मांडी दाबावी लागत नव्हती, कारण लपवायचं काही उरलं नव्हतं. पद्मीबाय पहिले दोन शब्द उचलायची आणि बाकी सगळं गंगूबाय म्हणायची. लोकांना चालत होतं. फोटोवाला मात्र आता थांबत नाही, असं तिने मला सांगितलं. त्याचं तिला वाईट वाटलं होतं का, ते तिच्या तोंडावर दिसलं नाही.

पुढे पद्मीबायच्या कॉटवर दुसरा पेशंट आला, त्यानंतर गंगूबाय मला एकदा कर्जतच्या बाजारात भेटली. मी तिला ओळख दिली. लग्नं आहेत का, असं काहीतरी विचारलं. एकटीनं धवला व्हत न्हाय, म्हणाली, आणि मेथीची जुडी उलटीपालटी करून बघायला लागली. मी निघालो.

पद्मीबायला मी शेवटचं पाहिलं ते एका दुपारी, आमची पाळी सुटताना. त्या दिवशी ओढणं हळू असूनही तिचं बीपी पडलं आणि वर येईना. दीपालीने मशीन वेळेआधी बंद केलं, रक्त परत दिलं, डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्यांनी सांगितलं, तातडीने पनवेलला आणा. महेश रिक्षा ठेवून गाडी ठरवायला गेला होता. पद्मीबायला वनिताने बाहेरच्या बाकावर टेकवून बसवलं होतं. मीही सुटून तिच्या शेजारी बसलो होतो, हातावरचा कापसाचा बोळा दाबत. तिचं तोंड राखेच्या रंगाचं झालं होतं, पण शुद्धीवर होती. दीपाली वनिताला म्हणाली, "थोडं पाणी द्या त्यांना, चालेल आता."

वनिता धावत जाऊन पाणी घेऊन आली. थोडं सांगितलं होतं तरी पेला तिने काठोकाठ भरून आणला होता, थंडगार, बाहेरून घाम आलेला. पाणी तिच्या बोटांवरून सांडत होतं.

"घ्या आई. हवं तेवढं घ्या."

पद्मीबायने पेला दोन्ही हातांत धरला. मी तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो, कारण मला माझी जीभ टाळूला चिकटलेली जाणवत होती. तिने एक लहान घोट घेतला. तो तोंडातच धरून ठेवला, मग गिळला. पेल्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिला पाणी समोर असताना थांबलेली मी पाहिली नव्हती.

"बास," ती म्हणाली. "तानच न्हाय गं."

वनिता म्हणाली, "घ्या ना आई, कुणी काही म्हणत नाही आता."

"न्हाय ना. तान न्हाय तर काय करू?" आणि पेला तिने माझ्यापुढे केला. "घे रं कंट्रोलर. तू पी."

मी दीपालीकडे पाहिलं. तिची आमच्याकडे पाठ होती. वनिताने मान वळवली. मी पेला घेतला. खाली गाडीचा हॉर्न वाजला, महेश आणि गाडीवाला जिना चढून वर आले, आणि त्यांनी पद्मीबायला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. खुर्ची जिन्याकडे वळली तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती, पितोय की नाही ते. मी प्यालो. सगळा पेला प्यालो. त्या वेळी मला दुसरं काही वाटायला हवं होतं. मला फक्त पाणी गार लागलं, गोड लागलं, आणि पेला रिकामा झाला तेव्हा अजून हवं होतं.